हाक म्हणजे अर्धा किलोमीटर

बोरी बुद्रुकचे डॉक्टर रत्नदीप भालेराव यांना औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी खासदार होऊन ते पहिल्यांदा गावात आले त्या दिवशी सत्काराच्या मांडवात आमच्या ठकूबाईनं गुडघा दाखवायला त्यांच्यापुढं पाय लांब केलाच.

"अगं, त्यो अर्थशास्त्राचा डॉक्टर हाय," मी म्हणालो.

"मग माज्या गुडघ्यात काय अर्थ न्हाई व्हय?" ठकूबाई म्हणाली.

रत्नदीपनं गळ्यातले हार मागं सारले, खाली बसून गुडघा दाबून पाहिला आणि 'चढउतार कमी करा' असं सांगितलं. ठकूबाईनं पुढं सहा वर्षं तो सल्ला पाळला आणि गुण आला म्हणून चार गावांत सांगितलं. खासदारकीच्या सहा वर्षांत रत्नदीपच्या शब्दानं कुणाचं भलं झालं असेल, तर ते त्या गुडघ्याचं. बाकीचं सांगतो. त्यात माझाही हात आहे, म्हणून शक्यतो खरंच सांगतो.

मी गेणभाऊ. नारायणगावला स्टँडसमोर माझं सायकलचं दुकान. रत्नदीप आणि मी मॅट्रिकपर्यंत एका बाकावर. मॅट्रिकच्या गणितानं मला धरून ठेवलं, त्याला सोडलं. त्याचे वडील भागुजीकाका छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्या आठवड्यात त्यांनी पोराला शाळेत नेऊन बसवलं. मास्तरांना सांगितलं, "ह्याला आता मधनं उठवायचं न्हाई." मास्तरांनी ते एवढं मनावर घेतलं, की पोराला लघवीला सोडायचं तरी ते विचारात पडायचे. असा बसलेला रत्नदीप उठला तो थेट लंडनला. तिथून परत आल्यावर द्रौपदाकाकूनं विचारलं, "काय शिकलास रं एवढं?"

"लोक गरीब का राहतात ते शिकलो, आई."

"आन् त्ये शिकाया समिंदर वलांडलास? मला इचारायचं की."

चौऱ्याण्णव साली तो पुण्यात प्रोफेसर होता. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या वाड्यांची पाहणी त्यानं काढली. कोणत्या वाडीला शाळा किती लांब, दवाखाना किती लांब, एसटी किती लांब, असा बेचाळीस रकान्यांचा फॉर्म. फॉर्म भरायला त्यानं कॉलेजची पोरं नेमली, आणि मला नेमलं. डोंगरातला माणूस आधी गप्पा मागतो आणि मग माहिती देतो, हे त्याला ठाऊक होतं.

घोडेगावहून एसटी जिथं संपते, तिथून वर तास-दीड तास चढलं की हिरडेवाडी. सतरा घरं. उतार असा, की बाई भाकरीला बसली की आधी परातीला दगड लावते, नाहीतर परात ओढ्यात आणि पीठ तिच्या मागं. तिथला माणूस सपाटीला आला की लंगडतो, कारण त्याला दोन्ही पाय सारखे टाकायची सवयच नसते. वाडीतला मोठ्या आवाजाचा माणूस म्हणजे सोमाजी. त्याच्या बायकोनं, कोंडाबाईनं, कोरा चहा दिला आणि आम्ही चौदाव्या रकान्याला आलो.

"शाळा कुठं?" मी विचारलं.

सोमाजीनं बोट केलं. समोर दरा, आणि दऱ्याच्या पलीकडच्या कड्यावर आवळेघर. शाळेची लाल कौलं दिसत होती, झेंड्याची काठी दिसत होती, ओट्यावर पोरं ओळीनं बसलेली तीही दिसत होती.

"किती लांब?"

"ही काय. हाकेवर."

"एका?"

"एकाच. बगायचं का?" सोमाजी उठला, तोंडाला दोन्ही हात लावले आणि म्हणाला, "गुर्जी, साळा हाये का?"

खाली दऱ्यातले कावळे उठले. माझ्या कपातला चहा काठाला लागला. पलीकडं मुंगीएवढा एक माणूस ओट्यावर आला, त्यानं हात हलवला, आणि जरा वेळानं बारीक आवाज आला, "हाये."

मी रकान्यात लिहिलं, 'एका हाकेवर'. पलीकडं जाऊन यायला हवं होतं. पण खाली शेवटची एसटी तीनला होती, आणि शाळा तर डोळ्यांनी दिसत होती.

इथं चुकलं. आमच्या बोरीत हाक म्हणजे दोन बांध. हाक मारली की ज्याला मारली तो विडी टाकतो आणि चालत येतो. डोंगरात उलट. तिथं माणूस येऊ शकत नाही, म्हणून हाक मारतात. सोमाजीनं हे मला सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं, हे काय सांगायचं. आणि मी विचारलं नाही, कारण मला वाटलं, हाक काय विचारायची.

फॉर्मचा गठ्ठा घेऊन मी पुण्याला गेलो. तिथं कॉम्प्युटरवर कल्याणी नावाची हुशार मुलगी बसायची. ती म्हणाली, "सर, इथं 'हाक' लिहिलंय. कॉम्प्युटर घेत नाही. आकडा पाहिजे."

रत्नदीपनं चष्मा वर केला. "गेण्या, तुझ्या बांधावरनं आमच्या बांधावर हाक येते. किती असंल रं?"

"अर्धा किलोमीटर धर की."

"धर," तो कल्याणीला म्हणाला.

दोन सेकंद लागले असतील. त्या दोन सेकंदांचं पुढं पुस्तक झालं, इंग्रजीत, जाड. त्यात पान दोनशे अकराच्या तळाला बारीक अक्षरात टीप होती: हाक, स्थानिक माप, सुमारे अर्धा किलोमीटर. पुस्तकाला बक्षीस मिळालं. परदेशातल्या कुणी तरी लिहिलं, की या लेखकाला लोकांची मापं कळतात. मग वाड्यांवर छोट्या वस्तीशाळा काढायची योजना आली, तेव्हा कुठं शाळा हवी आणि कुठं नको हे ठरवायला सरकारनं तेच पुस्तक समोर घेतलं. एक किलोमीटरच्या आत शाळा असेल, तर नवी मिळणार नाही. हिरडेवाडी, अर्धा किलोमीटर. फुली.

दोन हजार दोनला रत्नदीपला राज्यसभेवर घेतलं. बोरीचा सत्कार झाला, मग घोडेगावला झाला. तिथं गर्दीतून कोंडाबाई पुढं आली. मागं तिची धाकटी सून स्वप्ना, आणि तिच्या कडेवर वर्षाची नूतन.

"सायेब, आमाला साळा पायजे," कोंडाबाई म्हणाली.

"वाडी कुठली, बाई?"

"हिरडेवाडी."

रत्नदीपला सगळ्या वाड्या पाठ. तो हसून म्हणाला, "हिरडेवाडी. सतरा घरं. शाळा अर्धा किलोमीटर. आहे की तुम्हाला शाळा."

कोंडाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "तुमी आला व्हता का मोजाया?"

"हे आले होते," त्यानं मला पुढं केलं.

मी चपलेचा अंगठा तपासत होतो.

"ह्ये व्हय," ती म्हणाली. "ह्ये चा पिऊन गेलं."

मग स्वप्ना बोलली, सासूच्या देखत. "सायेब, माजी पोर सा वर्साची होस्तवर वाडीत साळा झाली तर मी ऱ्हाते. न्हाई झाली तर तिला घिऊन घोडेगावात खोली करणार. आदीच सांगून ठिवते."

"ऐकलंत ना," कोंडाबाई म्हणाली. "दोन सुना अशाच गेल्या, पोरांसंगं. त्यांच्या मागं माजी पोरं बी गेली. ही गेली की माजा धाकटा बहिरू बी जाईल. मंग वाडीत मी, ह्यो वरडणारा म्हातारा आन् म्हशी."

"पाच वर्षं आहेत," रत्नदीप म्हणाला. "होईल शाळा. शब्द देतो."

आठ दिवसांनी तो स्वतः आला. म्हणाला, मी चालून बघणार. हिरडेवाडीतून आम्ही दोघं दऱ्यात उतरलो. पहिला अर्धा तास तो वहीत लिहीत होता. नंतर वही खिशात गेली, कारण धरायला दोन्ही हात लागत होते. ओढ्यावर पोचलो तेव्हा त्याच्या पँटीचा मागचा भाग कातळावर राहिला होता. पलीकडं चढून आवळेघरच्या ओट्यावर टेकलो, तर घड्याळात तीन तास झालेले.

"पावसाळ्यात?" त्यानं भिमाजी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणजे आवळेघरची अख्खी शाळा, एकटेच.

"पावसाळ्यात ओढा माणूस घेतो, सायेब. हिरडेवाडीची पोरं आषाढात जी जातात ती दिवाळीला दिसतात. पुढं येतच न्हाईत."

रत्नदीप समोर बघत बसला. हिरडेवाडीच्या अंगणात कोंडाबाई शेणी थापत होती. तिच्या बांगड्यांचा रंगसुद्धा दिसत होता.

"गेण्या," तो म्हणाला, "तू काय लिहिलंस रे, आणि मी काय वाचलं."

तिथून त्याचा फेरा सुरू झाला. पुण्याच्या एका कचेरीत मी त्याच्याबरोबर होतो. तिथले साहेब खुर्ची सोडून उठले. कपाटातून पुस्तक काढलं, सही मागितली, आणि मग म्हणाले, "सर, हिरडेवाडी बसत नाही. पान दोनशे अकरा."

"ते पान चुकलंय," रत्नदीप म्हणाला.

"सर, हा तुमचा मोठेपणा."

"मोठेपणा नाही हो. मी चालून आलोय. तीन तास लागतात."

"तुम्हाला लागले असतील, सर. वय झालं. पण पुस्तक तर पाठ्यपुस्तक म्हणून लागलंय. आम्ही ते कसं खोडणार?" साहेब खरंच कळवळून बोलत होते. "तुम्ही पत्र द्या. आपण मोजणी लावू."

मोजणी लागली. ती यायला दीड वर्ष गेलं. दोन माणसं आली, तिकाटण्यावर दुर्बीण ठेवली, या कड्यावरून त्या कड्याकडं पाहिलं, चहा घेतला. अहवाल आला: सरळ रेषेत चारशे ऐंशी मीटर. म्हणजे पुस्तक चुकलं नव्हतंच. वीस मीटर जास्तच धरलं होतं. त्या साहेबांनी फोन करून रत्नदीपचं अभिनंदन केलं.

त्यानं दिल्लीत प्रश्न विचारला. लेखी उत्तर आलं, त्यात एका नामवंत अभ्यासाचा आधार होता, आणि खाली तक्ता जोडला होता. तक्ता त्याचाच. तो उभा राहून म्हणाला, हा अभ्यास माझा आहे आणि तो या वाडीपुरता खोटा आहे. आजूबाजूचे सदस्य बाकं वाजवू लागले. त्यांना वाटलं, विनोद केला.

तुम्ही म्हणाल, खासदाराला निधी असतो, बांधायची होती एक खोली. त्यानंही तेच म्हटलं. उत्तर आलं, शाळा मंजूर असेल तर खोली. आणि खोली बांधली तरी तीत उभा राहणारा मास्तर निधीतून येत नाही.

यात चार वर्षं गेली. रत्नदीपचे केस या काळात पांढरे झाले. हे मी रंगवून सांगत नाही, उलट त्यानंच रंगवायचं सोडलं. दर दोन महिन्यांनी तो दुकानात यायचा, उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक हातानं फिरवायचा आणि म्हणायचा, "मी बाहेरचा असतो, तर माझं पुस्तक एका दिवसात खोडलं असतं मी."

शेवटी सोमाजीनं डोकं चालवलं. सरकार म्हणतंय ना शाळा हाकेवर आहे, मग हाकेवर चालवू. तो एका सोमवारी दरा ओलांडून आवळेघरात आपल्या बहिणीकडं, लंकाबाईकडं, राहायला गेला. भिमाजी गुरुजींचा आवाज दाराच्या बाहेर जायचा नाही. ते एक वाक्य म्हणत आणि सोमाजी ते उचलून पलीकडं टाकी. हिरडेवाडीच्या कातळावर अकरा पोरं बसत आणि तोंडानं परत फेकत. लिहायचं असेल तर चुन्यानं कातळावर हातभर अक्षर काढायचं. गुरुजी डोळ्यांवर हात धरून तपासत, आणि सोमाजी वरडे, "नूतनच्या ग चा दांडा न्हाई."

सोमाजीला मात्र शाळा आणि घर एकाच घशातून चालवायचं होतं. एकदा तो म्हणाला, "पाच सक तीस, आन् कोंडे म्हशीला पानी दाव." अकरा पोरांनी तसंच म्हटलं. त्या वाडीची पोरं आजही पाचाच्या पाढ्यात म्हशीला पाणी दाखवतात. खोटं वाटलं तर विचारा.

रत्नदीप हे बघायला आला. बघताना हसला, आणि मग हसू तसंच ठेवून माझ्याकडं वळला. म्हणाला, "गेण्या, हे चाललं तर माझा प्रस्ताव मेला."

"का? पोरं शिकत्यात की."

"म्हणूनच."

त्याचा हिरडेवाडीच्या वस्तीशाळेचा प्रस्ताव तेव्हा कुठं मुंबईपर्यंत पोचला होता. एका सहृदय सचिवाला पुस्तकापेक्षा दरा खरा वाटला होता. फक्त शेवटचा एक तपासणी अहवाल हवा होता. तो करायला शिक्षण खात्यातले एक तरुण अधिकारी, पावसाळ्यात बंद पडणाऱ्या कच्च्या रस्त्यानं, जीपनं आवळेघरला आले. ऊन लख्ख पडलेलं. गुरुजींनी हजेरी काढली, सोमाजीनं ती पलीकडं टाकली.

"नूतन बहिरू."

"हजर," दऱ्यातून आलं.

एकामागून एक अकरा हजर आले. साहेब कड्याच्या टोकाशी गेले, अकरा डोकी मोजली, आणि त्यांचे डोळे भरून आले. गुरुजींनी त्यांना सगळं खरं सांगितलं: ओढा, तीन तास, पावसाळा. ते मान हलवत राहिले. अहवालात त्यांनी लिहिलं: 'हिरडेवाडीतील अकरा पैकी अकरा विद्यार्थी आवळेघर शाळेत हजर. उपक्रम कौतुकास्पद. स्वतंत्र वस्तीशाळेची आवश्यकता दिसून येत नाही.' गुरुजींना प्रमाणपत्र मिळालं. प्रस्ताव परत आला.

दोन हजार सात, आषाढ. नूतनला सहावं लागलेलं. रत्नदीप आणि मी वर गेलो, ते कोंडाबाईला तोंडानं सांगायला, की झालं नाही. पत्रानं सांगणं त्याला जमेना. वाडीत पोचलो तर दहा हातांवरचं दिसत नव्हतं. धुकं घरात शिरलेलं. कोंडाबाई चुलीला फुंकर घालत होती, त्यातला धूर कोणता आणि धुकं कोणतं ते कळत नव्हतं. कातळावर पानांची इरली डोक्यावर घेऊन अकरा पोरं बसली होती. पलीकडून सोमाजी काही तरी म्हणत होता. वारा त्यातलं अर्धं दुसरीकडंच नेत होता.

"काय म्हनत्याती गं आजोबा?" एक पोर म्हणालं.

"काय की. सात म्हनलं का साठ?" नूतन म्हणाली.

"किती दिस झालं असं?" मी स्वप्नाला विचारलं.

"वीस. आयकू येतच न्हाई. पोरं बसत्यात आपली, भिजत्यात, आन् उठत्यात."

रत्नदीपनं मला छत्री दिली आणि तो पोरांच्या मध्ये जाऊन कातळावर बसला. मग त्यानं नूतनचं इरलं सरळ केलं आणि म्हणाला, "सात. सात एके सात." पोरांनी मान वळवली. मास्तराचं तोंड इतक्या जवळून त्यांनी पाहिलंच नव्हतं. एक जण तर त्याच्या ओठांकडं बोट नेऊन बघत होता.

दीड तास त्यानं शिकवलं. सातचा पाढा झाला, आठचा झाला. नूतनच्या ग ला त्यानं तिच्या हातावर हात धरून दांडा काढून दिला. ती त्याच्या बोटांकडं बघत राहिली. कोंडाबाई चुलीपुढून उठून दारात आली आणि तिथंच टेकली. मला आठवतं, मी मनात म्हटलं, शाळा म्हणजे एवढीच तर होती. एक माणूस, जवळ बसणारा.

पाऊस वाढला तसा तो उठला. पोरं उठली नाहीत.

"सायेब," स्वप्नानं विचारलं, "उद्या याल का?"

तिनं टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. रत्नदीपच्या खिशात दुसऱ्या दिवशीचं दिल्लीचं तिकीट होतं, समितीची बैठक होती, आणि ती डोंगरी भागातल्या शिक्षणावर होती. तो माझ्याकडं बघायला लागला, जसं काही उत्तर माझ्याकडं असेल. मी छत्री मिटत होतो. पाऊस पडत असताना छत्री कशाला मिटतोय, तेही मला कळत नव्हतं.

"साळंचं झालं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "माफ करा. माझ्यामुळंच झालं नाही."

"ठावं हाये," स्वप्ना म्हणाली. "मी उद्याचं इचारलं."

कोंडाबाई दारातून म्हणाली, "जाऊ दे गं. त्यांची बी साळा लांब हाये."

सोमवारी स्वप्ना निघाली. रत्नदीप दिल्लीत होता, म्हणून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मीच खाली एसटीपर्यंत गेलो. बहिरू मागून म्हशीची दावी कुणाकडं द्यायची ते ठरवत येत होता. नूतन पुढं, चिखलातून उड्या मारत, सातचा पाढा म्हणत होती. कोंडाबाई उतरली नाही. सोमाजीला अजून काही माहीत नव्हतं. ओढा उतरायला भाद्रपद उजाडणार होता, आणि त्या धुक्यात त्याला सांगेल एवढा आवाज वाडीत दुसऱ्या कुणाला नव्हता. तो पलीकडं उभा राहून हजेरी घेतच होता.